नाण्याचा नंबर अठ्ठ्याहत्तर

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. प्रयोग सुरू केला की नोंदी ठेवाव्या लागतात.

मेटल डिटेक्टर आला. लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल कॉइल, वर छोटा स्क्रीन, शिवाय हेडफोन. चहा निवायच्या आत जोडून टाकला. मॅन्युअल उघडलं नाही. एसी दुरुस्तीत जन्म घालवलेल्या सर्व्हिस मॅनेजरने मॅन्युअल वाचणं म्हणजे सुगरणीने मीठ किती घालू म्हणून विचारण्यासारखं आहे.

उद्देश लिहून ठेवतो. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी मागच्या आवारात एक नाणं पुरलं होतं. त्याच वर्षाचं, साल छापलेलं. ही म्हणाली की दरवर्षी एक पुरायचं आणि पंचविसाव्या वाढदिवसाला सगळी उकरून रांगेत मांडायची. कल्पना हिची, खड्डा माझा. पुढे खड्डाही हिनेच खणला, कारण मार्च म्हणजे आमचा सीझन आणि माझा फोन अखंड सुरू. त्यामुळे नेमकी जागा ठाऊक नाही. पण आवार म्हणजे काही फुटबॉलचं मैदान नाही.

पंचविसावा वाढदिवस तेवीस तारखेला, रविवारी. ही सध्या तिच्या ताईकडे आहे. हवापालट.

४ मार्च
कन्येचा फोन. ती नोकरीच्या गावी असते. डिटेक्टरबद्दल सांगितलं. मग म्हणाली, बाबा, आई हवापालटाला गेलेली नाही. मी म्हणालो, आवाज तुटतोय. म्हणाली, नाही तुटत. हल्ली नेटवर्कचं काही खरं नाही.

जाताना ही मोठी सूटकेस, शिलाई मशीन, मिक्सर आणि स्वतःची उशी घेऊन गेली. ताईकडे मिक्सर नसेल. शिलाई मशीनही नसेल. उशीचं म्हणाल तर काही लोकांना दुसऱ्या उशीवर झोपच लागत नाही.

कन्या म्हणते, ही ताईला म्हणाली की मी गेले हे त्यांना कळायला आठवडा लागेल. साफ चूक. मला तिसऱ्याच दिवशी कळलं. त्यातले दोन दिवस मी साइटवर होतो, ते धरायचे नाहीत.

५ मार्च, सकाळी
पहिला दिवस. सेन्सिटिव्हिटी फुल. वस्तू महागाची आहे, अर्धी का वापरायची?

मशीन किंचाळत सुटलं. कुंपणाला किंचाळलं, माझ्या पट्ट्याच्या बकलला किंचाळलं, बुटांना किंचाळलं. बूट काढले तर हातातल्या फावड्याला किंचाळलं. मग ग्राउंड बॅलन्स. म्हणजे जमिनीतच जे काही मिसळलेलं असतं त्याकडे काणाडोळा करायला मशीनला शिकवायचं. त्यासाठी कॉइल जमिनीजवळ वर-खाली, वर-खाली करत राहावी लागते. भिंतीपलीकडून शेजारचे मास्तर बघत होते. त्यांनी विचारलं की हा व्यायाम पाठीसाठी का. हो म्हणालो. प्रत्येकाला सगळं सांगत बसलं तर काम कधी होणार.

संध्याकाळी
काही नाही. आवारच उतारावर आहे. (नाचता येईना अंगण वाकडे, असं ही म्हणाली असती. पण अंगण खरंच उतारावर आहे.)

७ मार्च
इंटरनेटवर एक टोपीवाला आहे. आयुष्यभर नाणी शोधतोय. त्याचा व्हिडिओ दुप्पट वेगाने बघितला. म्हणतो, नवशिक्याने मशीनला काही गाळायला सांगू नये. आधी सगळं ऐका, प्रत्येक आवाजाला खणा, कान तयार होऊ द्या. हे नवशिक्यांसाठी.

मी थेट डिस्क्रिमिनेशनला हात घातला. फार सुंदर सोय. कुठल्या धातूबद्दल बोलायचं नाही हे मशीनला सांगून ठेवता येतं. ड्रॉवरमधलं एक जाड पिवळं नाणं जमिनीवर ठेवून कॉइल फिरवली. गोड टिंग. स्क्रीनवर अठ्ठ्याहत्तर. खिळा ठेवला तर घुर्र, चौदा. म्हणजे झालं! नाण्याचा नंबर अठ्ठ्याहत्तर. साठच्या खालचं सगळं बंद करून टाकलं.

एकदम शांतता. इतकी, की बॅटरी गेली का म्हणून दोनदा बघितलं.

९ मार्च, रविवार
टिंग!! अठ्ठ्याहत्तर! हिच्या गुलाबांच्या वाफ्यात. गुलाब काढून बादलीत ठेवले (तात्पुरते) आणि कोपरभर खणलं. तांब्याची नळी. आमच्याच एसीची, मीच गाडलेली. एवढ्या खोलवरून सिग्नल आला, म्हणजे नळी उत्तम प्रतीची.

फावडं तिला लागलं. गॅस गेला. आता एसी बंद. कंपनीत फोन केला तर माझीच माणसं येणार आणि कोणी फोडली म्हणून विचारणार. पंख्यावर भागवू. पंख्याची हवा तब्येतीला चांगली.

१२ मार्च
आजचा दिवस सोन्याचा. हिचा फोन आला. स्वतःहून!

तेवीसला रविवारी सकाळी येते म्हणाली. भाऊ टेम्पो घेऊन येईल, तुम्ही घरी असाल ना. मी म्हणालो, असेन म्हणजे काय, असणारच! तारीख हिच्या लक्षात आहे. मी उगाच मनाला लावून घेत होतो. टेम्पो कशाला ते विचारलं नाही. शिलाई मशीन, मिक्सर, सूटकेस, एवढं सगळं परत आणायचं तर टेम्पो लागणारच.

संकल्प: तेवीसच्या आत सगळी नाणी. घासून पुसून टेबलावर रांगेत. काही बोलायचं नाही, फक्त टेबलाकडे बोट दाखवायचं.

१५ मार्च
अर्धं आवार खणून झालं. बाटल्यांची बुचं, पितळी कडी, कन्येच्या खेळण्यातल्या मोटारीचं चाक. नाणं नाही.

मधेच अंगठा लागून डिस्क्रिमिनेशन शून्यावर गेलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मशीन घुरघुरायला लागलं. चौदा, चौदा, तेरा, चौदा. घर बांधताना कामगारांनी खिळे सांडले असणार. लोखंडाचा नुसता सडा. बटण परत साठवर नेलं. अशा कचऱ्यात वेळ घालवणाऱ्यांना नाणी सापडत नसतात.

१७ मार्च
मास्तरांनी भिंतीवरून विचारलं की वहिनींचा डोळा आता कसा आहे. मी म्हणालो, कुठला डोळा?

मग आठवलं. जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी जाणारच होतो, पण त्याच दिवशी एका मोठ्या हॉटेलचा एसी प्लांट बंद पडला. ही पट्टी बांधून टॅक्सीने एकटी आली. मास्तरांच्या बायकोने हात धरून पायऱ्या चढवल्या म्हणे. मोतीबिंदू हे हल्ली किरकोळ काम, डॉक्टर स्वतःच म्हणाले होते. म्हणजे म्हणाले असतील. मी भेटलो नव्हतो.

मास्तरांना सांगितलं, छान आहे डोळा. कुठला ते मात्र अजून आठवत नाही. उजवा असावा.

२० मार्च
मॅन्युअल वाचायचं ठरवलं. सापडत नाही. बहुतेक खोक्याबरोबर रद्दीत गेलं.

सेन्सिटिव्हिटी कमी केली, वाढवली, परत कमी केली. डिस्क्रिमिनेशन पासष्ट केलं. मग सत्तर. जेवढं कडक, तेवढं खात्रीचं. मशीन आता जवळजवळ बोलतच नाही. बादलीतले गुलाब माना टाकून आहेत. पाणी घालायला हवं होतं का?

२२ मार्च
घर झाडलं. पलंगावर हिच्या बाजूची चादर नीट केली. फुलवाल्याकडून गुलाब आणले, घरचे नसल्यामुळे. केक आणला, त्यावर पंचवीस लिहून घेतलं. केकवाल्याने विचारलं, नाव काय घालू? मी म्हणालो, नाव नको, आम्ही दोघंच आहोत.

नाणी नाहीत. पण मुख्य गोष्ट ही येतेय. सुंठीवाचून खोकला गेला.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळी
नीट लिहायचा प्रयत्न करतो.

अकराला टेम्पो आला. रिकामा. मला वाटलं सामान मागून येतंय. मेव्हणा उतरला, मागोमाग ही, बरोबर दोन हमाल. नमस्कार वगैरे झाला. मग ते आत गेले आणि हिचं कपाट उचलून बाहेर आणायला लागले. मी म्हणालो, अहो, उलट चाललंय तुमचं. मेव्हणा माझ्याकडे बघून खाली बघायला लागला. चांगला माणूस आहे. त्याला वाईट वाटत होतं.

ही मागच्या दारात उभी होती. सगळीकडे खड्डे, बादलीत गुलाब. तिने विचारलं, पाण्याची लाइन फुटली का? मग मी सांगितलं. नाणी, डिटेक्टर, सेन्सिटिव्हिटी, ग्राउंड बॅलन्स, अठ्ठ्याहत्तर. सगळं. तिने ऐकून घेतलं, मधे बोलली नाही. खूप दिवसांनी आमचं एवढं बोलणं झालं, म्हणजे माझं.

मग तिने स्वयंपाकघरातला जुना कालथा घेतला आणि खिडकीखाली जाऊन बसली. वीतभरही खणलं नसेल. एक नाणं निघालं. शेजारी दुसरं. मग निघतच राहिली. करड्या रंगाची, पातळ, साधी नाणी. मी मशीन आणून एकावर धरलं. गप्प. डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणलं. घुर्र, चौदा. स्टीलची आहेत. पितळी ती पाच रुपयांची, ही बहुतेक सगळी रुपयाची, स्टीलची. शेवटची एक-दोन पितळीही होती, पण एवढ्या स्टीलच्या गर्दीत त्यांचा आवाज कुठला लागायला. मी हिला समजावून सांगितलं की दोष मशीनचा नाही, लोखंड आलं तर बोलू नकोस असं मीच त्याला सांगितलं होतं. ती म्हणाली, हो.

मी विचारलं, इथेच का पुरायचीस? खिडकीखाली? ती म्हणाली, इथून हाक मारली की हॉलमध्ये तुम्हाला ऐकू यायची.

मी नाणी धुतली आणि खिडकीच्या कट्ट्यावर सालाप्रमाणे मांडली. मागच्या वर्षीचं नव्हतं. मी म्हणालो, एक राहिलं, थांब, आता बरोबर सेटिंग आहे, मिनिटात काढतो. ती म्हणाली, शोधू नका, मी पुरलंच नाही. मागच्या वर्षी मुठीत नाणं घेऊन इथे उभी होते. खूप हाका मारल्या. मग हात अवघडला. आत आले, नाणं पर्समध्ये टाकलं. पुढे कुठेतरी खर्च झालं असेल.

हे ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. भाजी काय आणायची ते सांगावं, तशा आवाजात म्हणाली.

मी म्हणालो, आज तारीख काय आहे माहीत आहे ना? म्हणाली, माहीत आहे हो. टेम्पोवाल्याला दुसरा रविवार जमत नव्हता.

मी म्हणालो, केक आणलाय. ती म्हणाली, कन्या येईल तेव्हा कापा. मी म्हणालो, नाणी तरी घेऊन जा. म्हणाली, मला नकोत, एवढ्या कष्टाने शोधलीत, तुम्ही ठेवा. हात धुतले, टॉवेलला पुसले, टॉवेल सरळ करून अडकवला. मी विचारलं, डोळा कसा आहे? ती थांबली. म्हणाली, बरा आहे. मी विचारलं, उजवा ना? ती म्हणाली, डावा.

दारापर्यंत गेलो. माझा फोन वाजत होता, घेतला नाही. तिने बघितलं की मी घेतला नाही. निदान मला तसं वाटतं. टेम्पोत भावाशेजारी बसली आणि हात हलवला. मला, की गच्चीवरच्या मास्तरांच्या बायकोला, ते नीट कळलं नाही. मला, असं धरतो.

२४ मार्च
कामावर गेलो नाही. रडलो. वाचणारा मीच आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही. खूप रडलो.

केक चांगला होता. एकट्याला जास्त होतो.

२७ मार्च
खड्डे बुजवले. गुलाब परत लावले. मास्तर म्हणाले, मुळं सुकलीत, आता येणार नाहीत. मी म्हणालो, बघू. रोज पाणी घालतोय.

३० मार्च, रविवार
मशीन विकायला काढलं होतं. सकाळी एक तरुण जोडपं आलं. त्याला छंद आहे आणि तिला त्याच्या छंदाचं हसू येतं, असं जोडपं. मी सेटिंग समजावली. सांगितलं, सुरुवातीला काही गाळू नका, सगळं ऐका. त्याने विचारलं, काका, तुम्हाला काही सापडलं का? म्हणालो, सापडलं. बायकोला. कालथ्याने.

दोघं हसली. मुलगी म्हणाली, काकूंना बोलवा ना, आम्हाला बघायचीत नाणी. मी म्हणालो, ताईकडे गेलीय. तिने विचारलं, कधी येणार?

हवापालट म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हणालो, सोडून गेली मला. येणार नाही.

मुलगा मशीनच्या दांड्याकडे बघत राहिला. मुलीने त्याचा हात धरला. फोनवर तो किंमत अर्धी करा म्हणून हटून बसला होता. आता मी सांगितलेले पूर्ण पैसे त्याने टेबलावर ठेवले आणि दोघं हळूच दार ओढून गेली.