औषध माहीत नसलेले डास

३ फेब्रुवारी
पत्र आलं. राष्ट्रीय संशोधन कार्यक्रमातून आमच्या डासघराला मिळणारा निधी ३१ मार्चला बंद. कारण एका ओळीत — जिल्ह्यात चार वर्षांत हिवतापाचा एकही रुग्ण नाही, सबब गरज उरलेली नाही. ती ओळ माझीच! वार्षिक अहवालात मीच कौतुकानं पहिल्या पानावर घातली. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले होते, "उगाच मिरवायला नको." ऐकलं नाही. हौस नडली.

४ फेब्रुवारी
पिंजऱ्यांतले साखरपाण्याचे कापसाचे बोळे बदलले, डासांचं रोजचं खाणं.

११ फेब्रुवारी
सर मंत्रालयात जाऊन आले. तिथल्या अधिकारीबाईंना समजावलं म्हणे — आमच्या डासांना छत्तीस वर्षांत कीटकनाशकाचा वाससुद्धा लागलेला नाही. बाहेरचे डास मरेनासे झाले, तर औषध बिघडलंय की डासच निर्ढावलेत, ते आमच्या डासांशी ताडूनच कळतं. बाई म्हणाल्या, "डासच ना? लागले तर पुन्हा पकडा की."
बाहेरचा प्रत्येक डास कधीचा औषध पचवून बसलाय. सर सांगत राहिले, बाईंनी घड्याळ पाहिलं.

२० फेब्रुवारी
नवऱ्याला आज सांगितलं. माझ्या नोकरीपायी घरात एकवीस वर्षं डासांची अगरबत्ती नाही, अंगाला मलम नाही. कपड्यांतून कणभर गेलं तरी अख्खा पिंजरा आडवा व्हायचा. बिचारा हातानं फटाफट मारत बसतो. माझ्या डासांना सवत म्हणतो. "पोसायचं तू, मारायचं मी," नेहमीचं बोलला, मग उठून जवळ आला. पाठीवर हात ठेवला. फार रडले.

१२ मार्च
आमचे डास सांभाळायला दुसऱ्या संस्थेचा नकार. त्यांचंच अनुदान निम्म्यावर आलंय. या जातीची अंडी सुकवून ठेवता येत नाहीत, रोज माणूस लागतो. आई गेली त्या सकाळीही मी आधी इथे आले होते, बोळे बदलून मग दवाखान्यात. पोचले तेव्हा उशीर झाला होता. इतकी वर्षं मनाला समजावलं, की कामच तसं आहे. आज काही केल्या समजावता येईना.

३१ मार्च
चोवीस पिंजरे. एकेक करून फ्रीझरमध्ये ठेवले. सर दाराशी — "मी करतो, तुम्ही घरी जा." नाही म्हटलं. परक्या हातानं नको. आत ठेवण्याआधी सगळ्यांना साखरपाणी दिलं. वेडेपणाच!

१ एप्रिल
सवयीनं सहाला जाग आली. पडून राहिले.

१७ जून
रुग्णालयातल्या डॉक्टरांचा फोन. हिवतापाचे सात रुग्ण, त्यांत दोन लहान मुलं. दोनदा फवारणी झाली, डास मरत नाहीत. "तुमचे थोडे डास द्याल का, ताडून बघायला?"
म्हटलं, नाहीत.
त्यांना वाटलं, आज नाहीत. म्हणाले, "हरकत नाही. उद्या सकाळी माणूस पाठवतो."