दुसऱ्या हाकेपर्यंत

बाई, तुमची रानशाळा यंदा मी पुन्हा सुरू केली. तुम्हाला जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, तेव्हा हे सांगायला उशीरच झालाय. पण काल जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगितलं तर लोक मलाच देवऋष्याकडे नेतील, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही ही कल्पना काढलीत तो दिवस मला आठवतो. येलदरीच्या पाण्याकाठचं आमचं गाव, पारावर सगळे जमलेले, मी बाबांच्या पाठीमागे बसलेली. सुट्टी लागली की लेकरांना रोज रानात न्यायचं, पाखरं-झाडं दाखवायची आणि दुपारचं जेवण गावानं द्यायचं, असं तुम्ही सांगितलंत. लोक हसले. बाबा म्हणाले, "बाई, रानातल्याच लेकरायला रान दाखवायलाव का तुमी? उद्या माशाला पवायला शिकवताल." तुम्हीही हसलात, पण हटला नाहीत. त्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावातल्या दोन्ही वस्त्यांचं बोलणं तुटलेलं होतं. भाकरी प्रत्येक घरातून येईल आणि एकाच टोपल्यात पडेल, ही तुमची अट ऐकून पारावर कुजबुज सुरू झाली. "टोपल्यात पडल्यावर आपण कोणाची, ते भाकरी काही सांगत नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. गावात शब्द बाबांचा चालायचा; त्यांनी हो का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी एकच बजावलं, "लेकराला काई झालं तर त्याच दिवशी शाळा बंद."

आमच्याकडे भर दुपारी रानात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. धरणाखाली गेलेल्या जुन्या गावातलं कोणीतरी हाक मारतं, पण त्याला ती एकदाच मारता येते, असं म्हणतात. दुसरी आली की ती जित्या माणसाची. तुम्ही पडलात परभणीच्या, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्ही हाका मारत होतात आणि आम्ही सगळे मख्ख. कारण कळल्यावर तुम्ही चांगल्याच चिडलात. साप निघाला तर दुसऱ्या हाकेची वाट बघणार का, म्हणालात. मग एका हाकेला ओ द्यायची सवय तुम्ही आम्हाला लावलीत. मला तुम्ही इतक्या आवडायच्या की सगळ्यांच्या आधी ओ माझीच असायची.

आणि मग ती वैशाखातली दुपार. पाणी ओसरून जुनं गाव वर आलंय. देवळाच्या पायऱ्या, भिंतींचे बुडखे, कोणाचं तरी जातं. पोरं बाभळीखाली जेवताहेत. वारा पडलाय, टिटवीसुद्धा गप्प आहे. मी हात धुवायला काठाकडे जाते आणि हाक येते. तुमचाच आवाज, माझंच नाव, शेवटचं अक्षर तुम्ही लांबवायच्या तसंच लांबवलेलं. हाक देवळाच्या पायऱ्यांकडून येते. मी ओ देते आणि तिकडे चालू लागते. वरून गाळ वाळलेला दिसतो, पण थोडं पुढे गेल्यावर पाय आत जातो, मग मांडी, मग कंबर. वळून बघते तर तुम्ही मागे बाभळीखाली उभ्या आहात. मान वर करून, तांब्या उंच धरून पाणी पिताय. घशातून उतरणारा घोट मला दिसतो. मी किंचाळले तेव्हा कुठे तो तांब्या तुमच्या हातून पडला. पलीकडे जाळी वाळवणाऱ्या भोयानं जाळं फेकलं आणि मला एखाद्या माशासारखी ओढून काढली.

संध्याकाळी पारावर बाबांनी तुम्हाला विचारलं, "हाक कोण मारली?" मी गाळ धुऊन, तुमच्याच लुगड्यात गुंडाळून बसले होते. कोणी नाही मारली म्हणालात तर त्या रानात पुन्हा एकही लेकरू येणार नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मीच मारली. गाळाचा अंदाज आला नाही मला. चूक झाली."  बाबा म्हणाले, "जित्या माणसाची चूक हाय, मंग माफ करता येती. पण बाई, हितून पुढं दोनदा हाक मारायची." दुसऱ्या दिवशी टोपल्यात आमच्या घरची भाकरी होती.

त्यानंतर तुम्ही सगळ्यांना दोनदा हाक मारायला लागलात, वर्गात पुढ्यात बसलेल्या पोरालासुद्धा. पोरं हसायची. मी कधी हसले नाही. तुम्ही खोटं का बोललात, ते मी विचारलं नाही. त्या खोट्यावर रानशाळा जगली आणि मला तुमचा फार अभिमान वाटायचा. शिवाय विचारलं असतं, तर ती हाक तुम्हालाही ऐकू आली होती का, तेही सांगावं लागलं असतं तुम्हाला.

काल त्याच काठावर पोरं जेवत होती. पाणी खूप खाली गेलंय, पायऱ्या उघड्या पडल्यात. वारा पडला आणि तुमच्या आवाजात माझं नाव आलं. एकदाच. पोरांनी माना वर केल्या, मी त्यांना बसून राहा म्हटलं. ओ दिली नाही.

हे पत्र आता चुलीत जाईल, म्हणून सांगते. ओ दिली नाही, पण घास हातात धरून मी दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले होते. बाई, ती आली असती तर मी आले असते.