सावरीखालची जागा

आधी आली ती शेजारची शुभा, खिचडीचा डबा घेऊन. ती बसते न बसते तोच दारात अकोसुआ, नवऱ्याला घेऊन. गेल्या महिन्यात दवाखान्यात माझं बीपी बघणाऱ्या नर्सला मी नाव विचारलं, तर म्हणाली अकोसुआ. म्हटलं, म्हणजे तू घानाची, आणि रविवारी जन्मलेली. तिकडं जन्मवारावरूनच नाव पडतं. कोणाची, कुठली विचारत गेले, तर आम्ही घानात राहायचो तेव्हाच्या माझ्या मैत्रिणीची, अद्वोआची मुलगी निघाली. आज घरी आली आणि मी इतकी हसले, की हिमानी, म्हणजे माझी सून, वरून खाली बघायला आली.

मग अकोसुआनं सांगितलं, आई गेली. जायच्या आधी घरच्यांना गोळा करून, साक्षीला माणसं बसवून, अद्वोआनं तोंडीच सगळी वाटणी केली. त्यांच्यात तशी रीतच आहे. ते ऐकलं आणि मी नातीच्या, सईच्या वहीतला कागद मागून घेतला.

तर मी, सुहासिनी दिगंबर तारळेकर, वय त्र्याहत्तर, शिक्षण तिसरी, मूळची इचलकरंजीची, हल्ली मुक्काम मुलाकडे, फ्रीमाँट, हे मृत्युपत्र माझ्या हातानं, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता लिहिते. कायद्याचे शब्द शुभानं सांगितले, बाकीचे माझे. कोर्टात चालेल की नाही ठाऊक नाही. घरात चालावं.

१. घर मुलाचं, सत्यजितचं आहे, त्यावर माझा हक्क नाही. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते नात सई हिच्या शिक्षणाला द्यावं.

२. माझी पत्र्याची ट्रंक सईला. आत घानातली छापील कापडं आहेत. हे तिकडं व्होल्टा नदीकाठच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते, पण ही कापडं मला अद्वोआनं दिली. ती पुलाजवळ तळलेली बारीक मासळी विकायची आणि उरलेल्या वेळात मला तिकडचं सगळं शिकवायची. तिकडं बाईची श्रीमंती कापडात. आई गेली की मुली पेटी उघडतात. सई म्हणते, "आजी, इट स्मेल्स फनी." तो डांबरगोळ्यांचा वास आहे, धुतल्यावर जाईल. पडदे मात्र शिवू नयेत.

३. आतून रेघा ओढलेलं मातीचं वाडगं आणि लाकडी घोटणी हिमानीला. त्यात मिरची-टोमॅटो वाटतात. ती मिक्सरच लावणार, लावू दे. वाडगं नुसतं समोर असलं तरी पुरे.

४. प्रतिमावन्सं मला चारचौघांत म्हणाल्या होत्या, "परक्या मुलखात पोर टाकून आलीस." त्यांना माझी काशाची वाटी द्यावी. तळपाय घासले की आग कमी होते.

५. आता मुख्य. माझ्या अस्थी अर्ध्या नरसोबाच्या वाडीला सोडाव्यात, यांच्या सोडल्या तिथंच. अर्ध्या घानात, अद्वोआच्या कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या शेतात, सावरीच्या झाडाखाली. आपल्याकडची पांढरी सावर, तीच तिकडं आभाळाला टेकते. थंडीत वाळवंटाकडून हर्माटन वारा सुटतो, ओठ फुटतात, धुळीत सूर्य चंद्रासारखा फिका दिसतो. मग सावरीची बोंडं फुटून अंगणभर कापूस होतो. माझी कृष्णा त्या कापसामागं धावायची. शुक्रवारची, म्हणून सगळी वस्ती तिला अफुआ म्हणे. दोन वर्षांची होती. तापानं गेली.

आपल्यात एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, आणि दिवसही घालत नाहीत. त्यांच्यातही मोठा विधी नाही, आणि आईनं मोठ्यानं रडायचं नाही, रडलं तर पुढचं मूल टिकत नाही म्हणतात. मी रडले नाही. अद्वोआ "दुए, दुए" म्हणत माझी पाठ चोळत बसायची. दुःखात त्यांच्यात एवढंच म्हणतात. पुढं सत्यजित झाला, आणि हे म्हणाले, आता तिचं नाव घरात काढायचं नाही. काढलं नाही.

अद्वोआनं जाताना मुलींना बजावलं, सावरीखालचा तेवढा तुकडा खणायचा नाही, तिथं कसावा लावायचा नाही, झाडून ठेवायचा. अजून झाडतात, अकोसुआ सांगत होती.

हे कानावर पडलं तसा सत्यजित म्हणाला, "आई, तिथं आता आपलं कोण आहे?"

"तुझी बहीण आहे," मी म्हटलं.

तो चहा करतो म्हणून आत गेला. चहाला फार वेळ लागला.

६. जाणं जमलं नाही तर सगळ्या अस्थी वाडीलाच सोडाव्यात, माझा राग नाही. पण त्या झाडापाशी जाऊन कोणीतरी एकदा मोठ्यानं कृष्णा म्हणावं. अफुआ म्हणणारे तिथं पुष्कळ आहेत.

इतकं लिहून पुरं केलं. आधी असं काही लिहिलेलं नाही, पुढं लिहीनसं वाटत नाही.

सही: सुहासिनी दि. तारळेकर
साक्षीदार: शुभा वानखडे; अकोसुआ बोआटेंग (तिला शुभानं सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं)
ठिकाण: फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, १० फेब्रुवारी २००८

ता.क. सह्या झाल्यावर सत्यजितनं कागद वाचला. पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला, तेव्हा अकोसुआला विचारत होता, तिकडं पाऊस कधी लागतो, कुठल्या महिन्यात गेलेलं बरं, आणि झाडापाशी जाताना हातात काय न्यायचं असतं. ती म्हणाली, बहिणींना विचारून सांगते. येत्या रविवारी, सतरा तारखेला, दोघं परत येणार आहेत.