शेवटची ओळ मागच्यांची

प्रिय आई,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. रागावू नकोस. मला भीती वाटतेय गं! उद्या सकाळी माझं थायरॉईडचं ऑपरेशन आहे. डॉक्टर चांगले आहेत, पण फाईल मिटता मिटता म्हणाले, "आवाज की नस बिल्कुल पास से जाती है, थोड़ा रिस्क तो रहता है।" थोडा! त्यांचं काय जातंय?

बॅग भरून दाराशी ठेवलीय. शेजारच्या शुक्लाभाभी सकाळपासून दोनदा येऊन गेल्या. "दीदी, टेंशन मत लो, आजकल तो ये रोज़ होता है।" मी मान डोलावली. आवाजाबरोबर तुझ्या अभंगांच्या चाली जातील म्हणून जीव घाबरतोय, हे त्यांना कसं सांगू?

लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आलीस तेव्हा तू त्या चाली गळ्यात घेऊन आलीस. बाबांना जवाहर चौकाजवळ सरकारी क्वार्टर मिळालं आणि त्या दोन खोल्यांत दर एकादशीला तू शेकडो वर्षांपूर्वीच्या बायकांचे अभंग म्हणायला बसायचीस. कुणी दुसऱ्याच्या घरी दळणारी, कुणी वेशीबाहेर राहणारी, कुणी नाचणारणीच्या पोटी जन्मलेली. त्यांचे शब्द पुस्तकात मिळतात. तुझ्या चाली कुठं मिळणार? एकदा तरी कुठं टिपून का नाही ठेवल्यास? विचारलं की म्हणायचीस, "गळ्यातलं गळ्यात द्यायचं." आता गळ्यावरच बेतलंय, बोल!

आणि तुझा तो नियम! अभंगाच्या शेवटच्या ओळीत रचणारीचं नाव येतं. तिथं पुढं म्हणणारीनं गप्प व्हायचं आणि ती ओळ मागच्यांनी म्हणायची. लहानपणी मी किती चिडायचे! एवढा वेळ गायचं आणि ऐन वेळी तोंड मिटायचं? तू म्हणालीस, "जिवंत होती तेव्हा तिला कुणी धड नावानं हाक मारली नसेल गं. आता चौघींनी मिळून मारायची." म्हणून या पत्रातही मी एकीचंही नाव घेतलेलं नाही. एकटीच बसलेय ना.

काल तुझ्या नातीचा, रुचाचा बंगळूरहून फोन आला. "आई, प्लीज, सगळं रेकॉर्ड करून ठेव. मी नंतर शिकेन ना!" दार लावलं, पंखा बंद केला आणि मोबाईलसमोर बावीस अभंग म्हटले. घामाघूम झाले. मग ऐकायला घेतले. प्रत्येक अभंग शेवटच्या ओळीपाशी थांबलेला! सवयीनं मी गप्प झाले होते आणि मागं कुणी नव्हतंच. एकात तेवढी भाजीवाल्याची हाक आलीय.

ती शांतता ऐकताना मला तुझी खाट आठवली. दवाखान्यातला तो शेवटचा आठवडा. तू पुटपुटत एक अभंग म्हणत होतीस आणि शेवटाला येऊन थांबलीस. माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, दमलीस. चमच्यानं पाणी पाजलं आणि म्हटलं, "झोप आता." तू डोळे मिटलेस.

दमली नव्हतीस ना? माझी वाट बघत होतीस. आई, जन्मभर तुझ्या मागं बसले आणि त्या दिवशी मला कळलं नाही! काल कळलं, तीन वर्षांनी, मोबाईल हातात धरून. आता वाटतं, माझ्याही वेळी असंच होईल. मी थांबेन आणि कुणीतरी मला पाणी पाजेल.

आज संध्याकाळी भजनातल्या चौघी येणार आहेत. बावीसच्या बावीस शेवटच्या ओळी त्यांच्याकडून म्हणवून घेते. शुक्लाभाभीही त्यांच्यात बसणार आहेत, त्या 'ळ'चा 'ल' करतील. करू देत, तू कपाळाला आठ्या घालू नकोस.

तुला वचन देते. आवाज परत आला, तर येत्या एकादशीला मी पुढं बसणार नाही. मागं बसून आधी तुझी राहिलेली ओळ म्हणेन. नाहीच आला, तर चिपळ्या घेऊन पुढं बसेन आणि येतील त्यांना हातानं चाल दाखवीन. पण बसेन.

उद्या भूल देताना मी मनात तोच अभंग सुरू करणार आहे, तू अर्ध्यावर ठेवलेला. शेवटच्या ओळीपाशी थांबेन. तेव्हा मागून आवाज दे गं. मी नव्हता दिला, तरी तू दे.

तुझी घाबरट,
नंदा
बाग सेवनिया, भोपाळ