सोमवारची पाटी

४ मार्च

चि. धाकट्यास, दादाचा प्रभूत सलाम वि. वि.

तुझ्या छातीतली धडधड कशी आहे? तुझ्या बायकोचे, आपल्या धाकटीचे, गुडघे? पोरीचा खोकला गेला का? मी ठणठणीत, बारीक अक्षर रंगवताना हात थरथरतो, म्हणून हल्ली मोठ्या पाट्याच घेतो.

डॉक्टरांनी आठवड्यातला एक पूर्ण दिवस विश्रांती सांगितली आणि तू हसलास, असं धाकटीने कळवलं. अरे, रविवार तुझ्या कामाचा, मग विसाव्याचा वार कुठला? मी चौथीपर्यंत शिकलेला. पण देवाने सातव्या दिवशी काम थांबवलं, आणि वादळ सुटलेलं असताना आपला प्रभू नावेत उशी घेऊन झोपला होता, एवढं मलाही ठाऊक आहे. तुझ्या चर्चची मंडळी त्या वादळाहून मोठी लागून गेली का?

चूक माझीही आहे. तू पाळक झालास तेव्हा ‘पाळक केव्हाही भेटतील’ ही पाटी मीच हौसेने रंगवून तुझ्या दारावर ठोकली. सोबत नवी पाठवतोय : ‘सोमवारी पाळक भेटणार नाहीत’. आजच लाव.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास सलाम वि. वि.

पाटी पोचली. अक्षर झकास! पण सोमवारी कुणाच्या घरी दुःख झालं तर दार लावून बसू? लोक काय म्हणतील? एवढा महिना सरू दे, मग लावतो. तोवर कपाटामागे उभी केली आहे. तू कधी दुकान बंद ठेवलेलं मला आठवत नाही, आणि मला उपदेश करतोस! रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

२ मे

ती. दादांना सलाम वि. वि.

यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सोमवारीच. दोन घरांचं गटाराच्या पाण्यावरून जुंपलं होतं, ते मिटवायला गेले होते. जीभ जड झाली आहे. पहिला आठवडा माणसांची रीघ होती. नंतर फक्त चर्च कमिटीचे चिटणीस आले, चर्चचं हे घर कधी रिकामं करता विचारायला.

काल यांच्या जागी नेमलेले नवे पाळक घर बघायला आले. कपाट सरकवताना तुमची पाटी निघाली. त्यांनी लगेच दारावर लावली. लोक म्हणतात, माणूस शहाणा आहे, प्रकृतीला जपतो. हे खाटेवरून सगळं ऐकत होते.

तुमची,
धाकटी

९ मे

चि. धाकट्यास सलाम वि. वि.

तिघंही इकडे निघून या. रंगाचे डबे हलवून पुढची खोली मोकळी केली आहे. सोमवारी दुकान बंद ठेवतो आता. उशिरा सुचलं.

चीड मला चिटणिसाची नाही, तुझी येते. तुला माणसांना नाही म्हणायचं भय, आणि त्याला तू सेवा म्हणत राहिलास. मी तेच भय मोठ्या अक्षरांत रंगवून दारावर ठोकलं आणि गावभर मिरवलं.

डाव्या हाताने एक ओळ तरी गिरव. वाकडी आली तरी चालेल, पाटी थोडीच रंगवायची आहे? लवकर लिही रे.

तुझा,
दादा