काचेच्या बशीतलं काळीज

शाहूपुरी, कोल्हापूर

थोरले आबा,

नमस्कार करते, पण माफी मागत नाही.

माझे वडील, म्हणजे तुमचा धाकटा भाऊ, आणि मग माझा सम्राटदादा. दोघंही धडधाकट असताना चालताबोलता गेले. तुम्ही म्हणालात, "भायेरचं कायतरी हाय." मला बघायला पाहुणे आले, तेव्हा दटावलंत, "ह्यातलं एक अक्षर तोंडातनं काढायचं न्हाय. घराण्याची अब्रू जाईल."

मी पाहुण्यांना सगळं सांगितलं. ते पोहे तसेच ठेवून उठले. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

दोघं असे का गेले ते शोधायला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी रक्त दिलं होतं. त्यांनी त्यातनं मूळपेशी केल्या आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवल्या. परवा मी त्या सूक्ष्मदर्शकातून बघितल्या. काचेच्या बशीत माझ्याच काळजाचा ठिपका धडधडत होता, मधेच अडखळत होता. डॉक्टरीणबाईंनी त्यावर औषध सोडलं. थोड्या वेळानं ठोका सरळ पडायला लागला. मी तिथंच रडले, आबा. दादाचं काळीज असं कुणी बघितलंच नाही.

दोष आपल्या रक्तात आहे, बाहेरचं काही नाही. तुमची नात प्रियदर्शनी पळताना दोनदा चक्कर येऊन पडली. उपवासानं पडली म्हणून सांगत फिरू नका.

हे पत्र टाकणार नाही, कारण तुम्ही ते न वाचता फाडाल. रविवारी मीच शिरोळला येते. प्रियदर्शनीला तपासणीला नेणार आहे. दार लावून घेतलंत, तर हेच सगळं गल्लीत उभी राहून मोठ्यानं सांगेन.

तुमच्याच रक्ताची,
क्रांती