सगळे खातात तेच

बाबा, रविवारची सकाळ आहे, कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन अर्धा तास झाला आणि मी तो अजून उघडलेला नाही. वर उजव्या कोपऱ्यात 'स्लाऊ, इंग्लंड' आणि खाली 'तीर्थरूप' असं लिहायला घेतलं होतं, तुम्ही शिकवलं होतंत तसं. पण ते लिहिलं की हात जोडून उभं राहिल्यासारखं होतं, आणि आज मला तुमच्याशी थोडं भांडायचंसुद्धा आहे, म्हणून खोडलं. याच टेबलाशी दर रविवारी तुम्ही मला मराठी लिहायला बसवायचात. बाहेर शेजारची पोरं सायकली घेऊन ओरडत असायची आणि मी आत ऱ्हस्व-दीर्घ गिरवत असायचे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यानंतर एवढं सलग मराठी मी लिहिलेलंच नाही. चुका दिसल्या तर दिसू देत, तुमची लाल पेन्सिल आता नाही.

उद्या सकाळी नऊ वाजता माझी चौकशी आहे. आमच्याच तुरुंगात, तुरुंगप्रमुखाच्या ऑफिसशेजारच्या खोलीत. तुम्ही आयुष्यभर तुरुंगात नोकरी केलीत, आणि मीही शेवटी तिथंच जाऊन पोचले. तुमच्या पट्ट्याला साखळी आणि किल्ल्या होत्या तशा माझ्याही आहेत, फक्त मी त्या घेऊन स्वयंपाकघरात जाते. हाताखाली वीस कैदी कामाला असतात आणि सगळ्या तुरुंगाचं दोन वेळचं जेवण आमच्याकडून जातं. उद्याची चौकशी खरं तर माझी नाहीच, माझ्या एका सहकारी बाईची आहे. मला फक्त 'ती कशी आहे' एवढं सांगायला बोलावलंय. आणि मी तीन दिवस झाले घरात येरझाऱ्या घालतेय, धुतलेले कपडे परत धुतेय.

पहिल्यापासून सांगते. गेल्या वर्षी आमच्याकडे एक माणूस आला. शनिवारी संध्याकाळी निम्मा देश जो कार्यक्रम बघतो, तो सादर करणारा. पिऊन गाडी चालवत होता, सायकलवरचा एक माणूस मेला, आणि यानं पोलिसांना सांगितलं की गाडी माझी असिस्टंट चालवत होती. ती पोरगीही हो म्हणाली. कितीतरी दिवस पोलीस तिच्याच मागे होते, मग कुठल्याशा पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात स्टीअरिंगवर हा दिसला. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून बोटं मोडली होती त्याच्या नावानं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होता मेला. आणि दोन महिन्यांनी तोच माझ्यासमोर उभा, डोक्याला जाळी, हातात बटाटे सोलायचं सोलाणं, आणि म्हणतो, 'कुठून सुरुवात करू, मिस?' टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बराच लहानखुरा होता.

कामाला वाईट नव्हता. पण कार्यक्रमाच्या सुरुवातीला तो दोन्ही हात पसरून एक वाक्य म्हणायचा, शाळेतली पोरंसुद्धा त्याची नक्कल करायची, आणि इथे जेवण वाढायला उभा राहिला की समोरचा प्रत्येक जण ताट पुढे करून तेच वाक्य मागायचा. रोज. तो हसून मान हलवायचा आणि पुढच्याच्या ताटात वाढायचा. एके दिवशी दुपारी काय झालं कोण जाणे, त्यानं हातातला डाव वर केला, हात पसरले आणि ते वाक्य अगदी टीव्हीवरच्या आवाजात म्हटलं. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. त्यानं डाव खाली ठेवला, शांतपणे मागे गेला. मी थोड्या वेळानं मटार काढायला कोल्ड रूममध्ये गेले तर तो गाजरांच्या क्रेटांमध्ये उकिडवा बसलेला, तोंडावर हात दाबून रडत होता. मी मटार घेतले. म्हटलं, 'कस्टर्ड खाली लागतंय, ये हलवायला.' तो उठला, तोंड पुसलं, 'थँक यू, मिस' म्हणाला आणि आला. त्या दिवशी घरी येताना मला तुमची आठवण झाली. वाटलं, आज तुम्ही असतात तर माझं काही चुकलं असं म्हणाला नसतात.

तुमच्या तुरुंगातही एक होता ना, तो गाणारा. त्याच्या रेकॉर्डी सगळ्या देशात वाजायच्या. आईच्या मैत्रिणी हळदीकुंकवाला आल्या की तुम्ही कधी कामावरून येताय याची वाट बघत बसायच्या. तुम्ही मागच्या दारानं स्वयंपाकघरात येता, डबा मोरीत ठेवता, आणि एकजण हळूच विचारते, 'भावजी, तो काय हो जेवतो तिथे?' तुम्ही हात धुता, पुसता, आणि म्हणता, 'सगळे खातात तेच.' 'आणि झोपतो कुठे?' 'सगळे झोपतात तिथेच.' आई ओशाळून चहाचं आधण वाढवते. तुमच्या पाठीमागे सगळ्या जणी म्हणायच्या, काय बाई माणूस, तोंडाला सुद्धा कुलूप लावून फिरतो.

मी नऊ वर्षांची होते. वर्गात माझ्याशेजारी कोणी बसत नसे, माझ्या डब्याचा वास येतो म्हणून. एका सोमवारी बाईंनी सगळ्यांना उभं करून आपापल्या वडिलांच्या कामाबद्दल सांगायला लावलं आणि मी सांगून टाकलं, माझे बाबा त्या गाणाऱ्याला रोज कुलूपबंद करतात. काय सांगू तुम्हाला, मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती गोळा झाल्या! एकीनं तर माझ्या डब्यातला पराठा खाल्ला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी कुणाच्या तरी आईनं तुम्हाला विचारलं आणि तुमचा चेहरा असा बंद झाला की मी तुमचा हातच सोडला. त्यानंतरच्या सकाळी तुम्ही गणवेशावर कोट चढवून माझ्याबरोबर वर्गात आलात. बाईंशी अदबीनं बोललात. मला फळ्यासमोर उभं केलंत आणि म्हणायला लावलंत की मी खोटं बोलले, माझे बाबा त्याला ओळखत नाहीत. सगळा वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मला शाळेत 'थापाडी' म्हणत होते, बाबा. ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. संध्याकाळी तुम्ही कागदात बांधलेल्या गरम चिप्स आणल्यात, माझ्या वाट्यावर व्हिनेगर शिंपडलंत, आणि मी रडत विचारलं, 'पण खरं होतं ना?' तर म्हणालात, 'खरं होतं म्हणूनच.'

मला राग आहे त्याचा. अजून आहे. नऊ वर्षांच्या पोरीला असं कोणी करतं का? तो कैदी तुमचा कोण लागत होता?

आणि तरी तुमचं शेवटचं देणं मला त्याच गाणाऱ्याचं मिळालं. तुम्ही हॉस्पिटलात होता, तो जाऊन वर्ष झालं होतं. मी संत्रं सोलत होते आणि तुम्ही आपणहून म्हणालात, 'तेव्हा विचारलं होतंस ना? आठवड्यातून दोनदा आंघोळीला नेलं की तो आत गायचा. काय आवाज होता! पाइपांतून सगळ्या इमारतीत घुमायचा. आम्ही ऑफिसर दाराशी गप्प उभे राहायचो आणि पाच मिनिटं जास्त द्यायचो. नियमात बसत नव्हतं. एवढं ठेव तुझ्याजवळ.' तेवढं मी ठेवलं, बाबा.

आता मेडनहेडचं, इथून जवळच्या त्या गावातलं. तिथे पुण्या-मुंबईहून आलेल्या काही जणी महिन्यातून एका रविवारी जमतात, प्रत्येकीनं एक पदार्थ करून न्यायचा. सगळ्या सॉफ्टवेअरमधल्या, माझ्याहून वीस-वीस वर्षांनी लहान. मला प्रेमानं बोलावतात, पण माझ्या मराठीला हसतात. 'किती क्यूट बोलतेस गं तू, आजीसारखं!' त्यांच्या ऑफिसच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून भांडी विसळायला लागते. 'प्रिझन किचन' म्हटल्यावर पहिल्या दिवशी एकीनं 'ओह, नाइस' म्हटलं होतं, ते मी विसरले नाही. तर त्या रविवारी तुरुंगाचा विषय निघाला आणि मी बोलून गेले की तो आमच्याकडे आहे. सगळ्यांच्या हातातले चमचे थांबले.

'सीरियसली? तो? तुझ्या किचनमध्ये?'

'अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस! थांब थांब, डिटेलमध्ये सांग. काय खातो तो?'

उत्तर तोंडात तयार होतं, बाबा. तीन शब्दांचं. मी त्याऐवजी कोल्ड रूम सांगितली. गाजरांचे क्रेट सांगितले, तोंडावर दाबलेला हात करून दाखवला. कोणीतरी मला सोफ्यावर मधोमध बसवलं होतं, ताट हातात आणून दिलं होतं. डबा संपल्यावर एकजण म्हणाली, 'नेक्स्ट टाइम पण तुझीच पुरणपोळी हं.'

दहा दिवसांनी पेपरात पहिल्या पानावर आलं. कोल्ड रूम, गाजरं, हात, सगळं. मी मेडनहेडला त्या 'डिटेलमध्ये सांग' म्हणणारीला फोन केला तर ती घाईघाईनं म्हणाली, 'मी फक्त आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं गं, हार्मलेस होतं ना ते? कुणी पुढे पाठवलं मला खरंच आयडिया नाही.' तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक होतं. पण तीळ तिच्या तोंडात घातला कोणी? तुरुंगात मग जेवणाच्या वेळी सगळे ताटं वाजवून रडण्याचे आवाज काढायला लागले. त्यानं जेवायला येणं सोडलं. आता त्याला किचनमधून काढून वेगळ्या विंगमध्ये ठेवलंय, दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी दारातून बघून जातं, त्यानं जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून. सायकलवरच्या माणसाच्या बायकोला याचं काय वाटत असेल तेही मनात येतं, पण ती शिक्षा कोर्टानं दिली होती. ही मी दिली.

आणि संशय आला त्या माझ्या सहकारी बाईवर, मूळ कार्डिफची ती. किचनच्या दाराशी ड्यूटी करणारी ऑफिसर, दोन मुलींची आई, तिचा मावसभाऊ एका पेपरात काम करतो, एवढंच कारण. तिला सस्पेंड केलंय. आमच्याकडे आतलं बाहेर सांगणं हा नुसता नोकरीचा प्रश्न नसतो, तो गुन्हा आहे, कोर्टात उभं करतात. गुरुवारी तिचा फोन आला. 'तू मला ओळखतेस ना? त्यांना सांग, मी असं कधी करणार नाही.' मी म्हटलं, 'सांगते हं.' आणि फोन ठेवून भाजी चिरायला घेतली. कोबी चिरताना लक्षात आलं की गाडी मी चालवत होते आणि पोलिसांना दुसऱ्याच बाईचं नाव कळलंय. टीव्हीसमोर मोडलेली बोटं आठवली. सुरी खाली ठेवावी लागली.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. तिला फोन केला. आधी कुकर उघडला, परत बंद केला, मग फोन लावला. सांगितलं सगळं, मेडनहेड, पुरणपोळी, सगळं. मागे तिच्या मुलींचं कार्टून चालू होतं, ते तिनं बंद करायला लावलं. मग ती म्हणाली, 'उद्या नऊ वाजता त्यांना सांग. मला सांगून काय उपयोग?' आणि फोन ठेवला. बरोबरच बोलली. उद्या सांगणार आहे. वर्गात फळ्यासमोर उभं राहायची सवय तुम्ही लावलीतच, या वेळी निदान खरं बोलायचंय. नोकरी जाणारच, केसही होईल. मलाच आत जावं लागलं तर तिथे मी काय खाते ते विचारायला कोणी येणार नाही, तेवढं एक बरं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, शुद्धलेखनाच्या तुमच्या जुन्या वहीत घडी करून ठेवीन. म्हणून एक दुरुस्ती करते. तुमचं 'एवढं' मी माझ्याजवळ ठेवलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मेडनहेडला मी आधी तुमचाच गाणारा सांगितला होता. आंघोळ, पाइप, दाराशी थांबलेले तुम्ही, जास्तीची पाच मिनिटं. चांगला रंगवून सांगितला. त्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकजण म्हणाली, 'सॉरी हं, हा कोण?' कोणालाच तो माहीत नव्हता, बाबा. म्हणून मग मी माझा सांगितला.